भाजीपाल्याच्या कोवळ्या रोपांना पाणी आणि खत : किती, केव्हा आणि कोणते?

मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी, फुलकोबी ही पिके आपण थेट शेतात पेरत नाही. आधी रोपे तयार करतो आणि मग त्यांची पुनर्लागवड करतो. पिकाच्या एकूण आयुष्यात रोपवाटिकेचा काळ जेमतेम महिना-दीड महिन्याचा असतो. मात्र या काळात रोपाची जी आबाळ किंवा जो अतिरेक होतो, त्याची भरपाई पुढे शेतात कितीही खत घातले तरी होत नाही.

ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदर परिसराचे उदाहरण घेऊ. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर यांच्यामध्ये हा पट्टा वसलेला आहे. १९८५ साली येथील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका झाली. शहर झपाट्याने वाढले. तरीही उत्तन, चौक, डोंगरी, राई, मुर्धा, मोर्वा आणि पलीकडे घोडबंदर, चेणे या बाजूला घरामागच्या वाडीत भाजीपाला करणारी कुटुंबे आहेत. दुसरीकडे मिरा रोड आणि भाईंदरच्या इमारतींत गच्चीवर व गॅलरीत कुंड्या-ट्रे मांडणारी मंडळीही पुष्कळ आहेत. जमीन वेगळी, जागा वेगळी, पण तक्रार मात्र दोघांची एकच ऐकू येते : "बी छान उगवले, पण दहा-पंधरा दिवसांत रोपांनी माना टाकल्या."

अशा वेळी बियाण्याला किंवा बियाणे विकणाऱ्याला दोष दिला जातो. पण बी चांगले उगवून आल्यावर रोपे गेली असतील, तर कारण बहुधा झारीत किंवा खताच्या डब्यात सापडते. म्हणून कोवळ्या रोपाची गरज नेमकी काय असते हे समजून घेणे अगत्याचे आहे.

एक रोपवाटिका गेली तर नुकसान किती?

मिरचीचे बी १५ सप्टेंबरच्या सुमारास टाकले तर सुमारे ४० दिवसांनी, म्हणजे ऑक्टोबरअखेर, रोपे लावणीला येतात. लावणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी हिरव्या मिरचीचा पहिला तोडा मिळतो आणि पुढे सुमारे तीन महिने तोडे चालतात. म्हणजे जानेवारी ते मार्च हा उत्पन्नाचा काळ. आता हीच रोपे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मेली आणि पुन्हा बी टाकावे लागले, तर सगळे वेळापत्रक एक महिना पुढे सरकते. तोडे फेब्रुवारी ते एप्रिल असे येतात. समुद्रकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागते ते नेमके याच काळात. त्यामुळे रोपवाटिकेत गमावलेला एक महिना उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याच्या रूपाने पुन्हा आडवा येतो. बियाण्याचे पैसे गेले एवढाच हा तोटा नसतो, तर चांगल्या पाण्याचा एक महिना हातचा जातो.

बियाण्यातील शिदोरी

प्रत्येक बी आपल्याबरोबर अन्नाची शिदोरी घेऊन येते. उगवल्यावर प्रथम जी दोन गुळगुळीत पाने दिसतात ती बीजदले होत. त्यांत साठवलेल्या अन्नावर आणि ती स्वतः उन्हात तयार करीत असलेल्या अन्नावर रोप पहिले काही दिवस जगते. त्यानंतर शेंड्यातून जी पाने निघतात ती खरी पाने. खऱ्या पानांची पहिली जोडी उघडेपर्यंत रोपाला बाहेरून खत देण्याची गरज नसते.

गरज नसताना खत दिले तर अपायच होतो. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. बाहेर मीठ जास्त आणि फोडीत कमी असल्याने फोडीतील पाणी बाहेर येते. मुळाचेही असेच आहे. विद्राव्य खत हे रासायनिकदृष्ट्या क्षारच आहे. मुळाभोवतीच्या पाण्यात क्षार वाढले की कोवळ्या मुळाला पाणी ओढणे जड जाते. माती ओली असूनही रोप तहानलेले राहते. ते मलूल दिसते म्हणून आपण आणखी पाणी घालतो, पिवळे दिसते म्हणून आणखी खत घालतो आणि रोप दोन्ही बाजूंनी संपते.

माध्यम आणि निचरा

गादीवाफा : जमिनीवर रोपे करावयाची असल्यास ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १५ सें.मी. उंच असे गादीवाफे करावेत. प्रत्येक वाफ्यात दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. बी १० सें.मी. अंतरावरील ओळींत १ ते १.५ सें.मी. खोल पेरावे. फोकून पेरल्यास रोपे दाट होतात, खाली हवा खेळत नाही आणि रोग फैलावतो. कोकणात परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत येतो, म्हणून सपाट वाफ्यावर रोपे कधीही करू नयेत.

ट्रे : ९८ कप्प्यांच्या ट्रेला सुमारे सव्वा किलो ओलसर कोकोपीट लागते. कोकोपीट नारळाच्या काथ्याच्या भुशापासून बनते आणि पुष्कळदा त्यात मूळचेच क्षार असतात. विटेच्या रूपात मिळणारे कोकोपीट भिजवून, पिळून, ते पाणी टाकून द्यावे आणि गोड्या पाण्याने असे दोन-तीन वेळा धुवावे. त्यात चौथा हिस्सा चाळलेले गांडूळखत मिसळल्यास सुरुवातीचे अन्न त्यातूनच मिळते.

कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. खडीच्या वरच्या मातीचा थर पूर्ण भरल्यावरच ते खाली ठिबकते. त्यामुळे चिंब थर उलट वर सरकतो आणि उथळ भांड्यात तो थेट मुळांपाशी येतो. निचऱ्यासाठी भांड्याला तळाशी पुरेशी भोके असावीत आणि सगळे माध्यमच भुसभुशीत असावे. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा तुकडा ठेवणे पुरे.

पाणी कोणते वापरावे?

रोपवाटिकेच्या यशापयशात या प्रश्नाचा वाटा मोठा आहे. समुद्रकाठच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी हलके आणि खारे पाणी किंचित जड. भूजलशास्त्राच्या ठोकताळ्यानुसार समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर तिच्याखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी राहू शकते. याचा दुसरा अर्थ असा की उपसा करून ती पातळी थोडीशी जरी खाली नेली तरी खालचे खारे पाणी पुष्कळ वर येते. पूर्वी रहाटाने पाणी निघे, ते हळूहळू निघे. पंपाने तासाभरात विहीर तळाला जाते आणि खारे पाणी आत शिरते. म्हणून पावसाळ्यानंतर गोड असलेली विहीर मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होते. भाईंदर-मिरे भागात मिठागरे आणि खाडीच्या जवळच्या विहिरींबाबत ही काळजी अधिक घ्यावी.

पाण्यातील क्षार विद्युत वाहकतेवरून मोजतात. तिचे परिमाण डेसीसायमन प्रति मीटर असे आहे. १ डेसीसायमन म्हणजे दर लिटरला ढोबळमानाने ६४० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत ही तपासणी होते. खिशात मावणारे टीडीएस मीटरही आता मिळते आणि चार-सहा घरांनी मिळून एक घेतले तरी चालते. मीटरवरील आकडा पुढीलप्रमाणे वाचावा.

१) ४५० मिलिग्रॅमपर्यंत : रोपवाटिकेस निर्धोक.
२) ४५० ते ६४० मिलिग्रॅम : चालेल, परंतु खताची मात्रा निम्मी करावी.
३) ६४० ते १००० मिलिग्रॅम : एकट्याने वापरू नये, गोड्या पाण्यात मिसळून वापरावे.
४) १००० मिलिग्रॅमच्या वर : कोवळ्या रोपांना देऊ नये.

सर्व पिके सारखी नाहीत. टोमॅटो क्षार थोडे अधिक सोसतो. मिरची आणि कांदा त्या मानाने नाजूक आहेत आणि घेवडा सर्वांत नाजूक. ज्या विहिरीच्या पाण्यावर शेजाऱ्याचा टोमॅटो चांगला आला, त्याच पाण्यावर आपली मिरची येईलच असे नाही.

मिसळण्याचे गणित सोपे आहे. विहिरीच्या पाण्याचा आकडा ११०० आणि नळाच्या पाण्याचा १३० आहे असे समजू. एक भाग विहिरीचे आणि दोन भाग नळाचे पाणी घेतल्यास ११०० अधिक २६० म्हणजे १३६०. त्याला ३ ने भागल्यास सुमारे ४५० येतात. न चालणारे पाणी चालण्याजोगे झाले.

नळाच्या पाण्यातील क्लोरीनची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण इतके अल्प असते की रोपांना त्याचा त्रास होत नाही. पाणी रात्रभर बादलीत ठेवावे ते दुसऱ्या कारणासाठी : दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका बसेल इतके तापलेले असते. ते तसेच दिल्यास कोवळी मुळे भाजतात.

सर्वांत उत्तम पाणी पावसाचे. १ चौ.मी. छपरावर १ मि.मी. पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. म्हणजे १० चौ.मी. पत्र्यावर सप्टेंबरची २० मि.मी.ची एक सर पडली तरी २०० लिटरचे पिंप भरते. हे पाणी किती पुरेल? ९८ कप्प्यांच्या ट्रेचा पृष्ठभाग सुमारे ०.१५ चौ.मी. असतो. दिवसाला ४ मि.मी. पाणी उडून जाते असे धरल्यास एका ट्रेला ०.६ लिटर लागते. दहा ट्रेना दररोज ६ लिटर, म्हणजे ३५ दिवसांत २१० लिटर. सांडलवंड आणि निचऱ्याचे धरून ३०० लिटर पुष्कळ होतात. दहा ट्रेमध्ये ९८० रोपे बसतात. मिरची ६० × ४५ सें.मी. अंतरावर लावल्यास एका गुंठ्याला सुमारे ३७५ रोपे लागतात. म्हणजे दोन पिंपे पावसाच्या पाण्यावर दोन-अडीच गुंठ्यांची रोपे तयार होतात. पिंप मात्र घट्ट झाकून, तोंडाला कापड बांधून ठेवावे. उघड्या पाण्यात डास होतात आणि डेंग्यूला आमंत्रण मिळते.

पाणी किती आणि केव्हा द्यावे?

"रोज सकाळ-संध्याकाळ पाणी" हा नियम रोपवाटिकेला लागू पडत नाही. ढगाळ दिवस, ऑक्टोबरचे ऊन, समुद्रावरचा वारा यांप्रमाणे गरज रोज बदलते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माध्यम सतत चिंब राहिले की हवेच्या जागा पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि मग कुजतात. म्हणून पाणी घड्याळाकडे पाहून न देता माध्यमाकडे पाहून द्यावे.

वजनाची पद्धत यासाठी खात्रीची आहे. ट्रे पूर्ण भिजवून अर्धा तास निथळू द्यावा आणि स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन करावे. समजा ते २ किलो भरले आणि कोरडे माध्यम भरलेल्या ट्रेचे वजन ८०० ग्रॅम आहे, तर ट्रेने १२०० ग्रॅम पाणी धरले आहे. यातील तिसरा हिस्सा, म्हणजे ४०० ग्रॅम उडून ट्रे १६०० ग्रॅमवर आला की पाणी द्यावे. चार-पाच दिवस असे वजन केले की पुढे नुसत्या हाताने उचलूनही अंदाज येतो. काटा नसेल तर बोटाने पाहावे. वरचा १ सें.मी. थर कोरडा आणि खालचा ओलसर लागला तर पाण्याची वेळ झाली.

अवस्थेनुसार पाणी पुढीलप्रमाणे द्यावे.

पेरणी ते उगवण : टोमॅटो साधारण ५ ते ८ दिवसांत आणि मिरची ८ ते १२ दिवसांत उगवते. या काळात वरचा थर वाळू देऊ नये. ट्रे भिजवून एकावर एक रचावेत आणि प्लॅस्टिकच्या कागदाने झाकावेत. वाफ्यावर पेंढ्याचे पातळ आच्छादन घालावे. बी उगवू लागताच आच्छादन लगेच काढावे. एक दिवस उशीर झाला तरी रोपे पांढुरकी आणि लांबट होतात.

उगवण ते दोन खरी पाने : ही अवस्था सर्वांत नाजूक असून मर याच काळात होते. बारीक छिद्रांच्या झारीने, सकाळी ८ ते १० च्या दरम्यान, एकदाच पाणी द्यावे. संध्याकाळी पाणी दिल्यास पाने आणि खोडाचा तळ रात्रभर ओला राहतो व बुरशीला ते मानवते.

दोन खरी पाने ते लावणी : मुळे आता कप्प्याच्या तळाला पोचलेली असतात. पाणी थोडे थोडे चार वेळा न देता एकदाच पुरेसे द्यावे, म्हणजे तळाच्या भोकातून थोडेसे बाहेर येईल. या निचऱ्याबरोबर साचलेले क्षार धुऊन जातात. कडक उन्हात दुपारी पुन्हा हलके पाणी लागल्यास द्यावे.

ताटलीत पाणी ठेवून खालून पाणी देण्याची पद्धत गॅलरीत सोयीची असते. तिने पाने कोरडी राहतात हा फायदा आहे. पण पाणी वर चढून उडून जाते आणि क्षार मात्र वरच्या थरात राहतात. यासाठी आठवड्यातून एकदा वरून गोडे पाणी देऊन माध्यम धुवावे. ताटलीत अर्ध्या तासानंतर उरलेले पाणी ओतून टाकावे.

खत केव्हा आणि किती?

गादीवाफ्यात चांगले शेणखत घातले असेल तर पहिले तीन आठवडे वेगळ्या खताची गरज पडत नाही. त्यानंतर रोपे फिकट वाटल्यास १९:१९:१९ हे विद्राव्य खत प्रति लिटर २ ग्रॅम या प्रमाणात सकाळी एकदा फवारावे.

कोकोपीटमध्ये स्वतःचे अन्नद्रव्य फारसे नसते. म्हणून ट्रेतील रोपांना पुढीलप्रमाणे खत द्यावे.

१) पेरणी ते पहिली खरी पाने : काहीही नाही, फक्त पाणी.
२) दोन खरी पाने उघडल्यावर : १९:१९:१९ प्रति लिटर अर्धा ग्रॅम, दर ५ ते ६ दिवसांनी, झारीने.
३) तीन-चार खरी पाने आल्यावर : प्रति लिटर १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. मधल्या एका पाळीला त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट प्रति लिटर अर्धा ग्रॅम द्यावे.
४) लावणीपूर्वीचा आठवडा : खत बंद.

कॅल्शियम नायट्रेट आणि १९:१९:१९ एकाच बादलीत कालवू नयेत. कॅल्शियम आणि स्फुरद यांचा साका तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातात.

अर्धा ग्रॅम मोजायचा कसा, हा प्रश्न घरोघरी येतो. चमच्याने अंदाज घेऊ नये, कारण चमच्यात सहज ५ ग्रॅम येतात आणि मात्रा दहापट होते. त्यापेक्षा १० ग्रॅम खत १ लिटर पाण्यात विरघळवून मूळ द्रावण करावे. या द्रावणाचे ५० मि.लि. घेऊन त्यात पाणी घालून १ लिटर केले की प्रति लिटर अर्धा ग्रॅम होते आणि १०० मि.लि. घेतले की १ ग्रॅम. मूळ द्रावणाच्या बाटलीवर चिठ्ठी लावावी आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. शीतपेयाच्या बाटलीत खत कधीही भरू नये. खत देण्याआधी माध्यम ओलसर असावे. कोरड्या माध्यमात खताचे पाणी दिल्यास मुळांना चटका बसतो.

युरिया रोपवाटिकेत शक्यतो टाळावा. त्यात ४६ टक्के नत्र असते. तो दिल्यावर रोपे चार दिवसांत हिरवीगार आणि उंच होतात आणि मालक खूश होतो. पण अशी रोपे लुसलुशीत राहतात, त्यांना रोग लवकर लागतो आणि लावणीनंतर उन्हाने ती मोडून पडतात.

उत्तन-चौक परिसरात मासळीचे कुट सहज मिळते आणि माडाला ते घातलेही जाते. रोपवाटिकेत मात्र ते वापरू नये. ते कुजताना अमोनिया वायू सुटतो आणि खारवलेल्या मासळीच्या कुटात मीठही असते. मोठा माड जे पचवतो ते तीन पानांच्या रोपाला झेपत नाही. हाच नियम ताजे शेण, न कुजलेला स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि पातळ न केलेले गोमूत्र यांना लागू आहे.

लक्षणांवरून निदान

पाणी जास्त झाले : माध्यम ओले असून रोप मलूल, खालची पाने पिवळी, पृष्ठभागावर हिरवे शेवाळ, काळी बारीक चिलटे उडताना दिसणे. रोप उपटल्यास मुळे तपकिरी आणि बुळबुळीत. उपाय : पाणी थांबवावे, ट्रे जमिनीपासून उचलून वाऱ्यावर ठेवावा.

पाणी कमी झाले : माध्यम हलके, कप्प्याच्या कडेपासून सुटलेले, पाने कोरडी वाटतात. मुळे पांढरी. उपाय : एकदम चिंब न करता दोन टप्प्यांत पाणी द्यावे, कारण वाळलेले कोकोपीट पहिल्या फेरीत पाणी धरत नाही.

क्षार किंवा खत जास्त झाले : पानांच्या कडा आणि टोके करपणे, पाने गडद आणि आखूड राहणे, पृष्ठभागावर पांढरा थर. उपाय : माध्यमाच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी हळूहळू सोडून निचरा होऊ द्यावा आणि आठवडाभर खत देऊ नये.

अन्न कमी पडले : खालची पाने सर्वत्र एकसारखी फिकट, वाढ मंद, परंतु मुळे पांढरी आणि निरोगी. अशाच वेळी खत द्यावे.

उजेड कमी पडला : रोप लांबट, बारीक, एका बाजूला झुकलेले. जाळीच्या गॅलरीत हे फार दिसते. यावर खत हा उपाय नाही. उलट खताने ते आणखी लांबते. दिवसातून किमान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा शोधावी.

यावरून लक्षात येईल की माना टाकणे हे एकच लक्षण तीन वेगवेगळ्या कारणांनी येते. म्हणून झारी उचलण्यापूर्वी एक रोप उपटून मुळे पाहावीत. एका रोपाची किंमत देऊन बाकीची सत्त्याण्णव वाचतात.

रोपे कोलमडणे आणि इतर रोग

जमिनीलगत खोड काळपट व पाणचट होऊन रोप आडवे पडते, त्याला रोपे कोलमडणे म्हणतात. जमिनीतील बुरशीमुळे हा रोग होतो आणि दाट पेरणी, सततचा ओलावा व कोंदट हवा यांत तो वेगाने पसरतो. पेरणीपूर्वी बियाण्यास प्रति किलो ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावी. घरगुती बी थोडे असल्यास चिमूटभर पुरते. रोग दिसताच पडलेली रोपे भोवतालच्या माध्यमासह काढावीत, पाणी तोडावे आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून उरलेल्या रोपांच्या बुडाशी ओतावे. औषधाच्या वेष्टनावरील सूचना वाचाव्यात व हातमोजे वापरावेत. ट्रायकोडर्मा आणि ताम्रयुक्त औषध एकाच वेळी देऊ नये, कारण ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे.

वांगी, टोमॅटो आणि मिरचीवर कोकणात जिवाणूजन्य मर रोगही येतो. हिरवे रोप अचानक मलूल होते आणि पाणी दिले तरी सावरत नाही. खोड कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरल्यास पांढरट धाग्यासारखा स्राव उतरताना दिसला तर हा रोग समजावा. असे रोप जाळून टाकावे आणि त्या जागेत वांगीवर्गीय रोपे करू नयेत. वांग्यात अर्का केशव, अर्का निधी, अर्का नीलकंठ या जाती या रोगास प्रतिकारक आहेत.

मिरचीचा बोकड्या पांढरी माशी, फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळे येतो आणि त्याची सुरुवात पुष्कळदा रोपवाटिकेतच होते. त्यासाठी वाफ्यावर किंवा ट्रेवर ४० मेशची नायलॉन जाळी लावावी. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यापासूनही या जाळीने काही प्रमाणात संरक्षण मिळते.

रोपे कणखर करणे

लावणीपूर्वी ७ ते ८ दिवस पाणी हळूहळू कमी करावे. रोप दुपारी किंचित मलूल होऊन संध्याकाळी आपोआप सावरेल इतकाच ताण द्यावा. जाळी आणि सावली टप्प्याटप्प्याने काढावी. लावणीच्या आदल्या दिवशी मात्र भरपूर पाणी द्यावे म्हणजे मुळे न तुटता रोप निघते. टोमॅटोची रोपे ट्रेमध्ये २१ ते २५ दिवसांत, वांग्याची ३० ते ३५ दिवसांत आणि मिरचीची ३५ ते ४० दिवसांत तयार होतात. लावणी दुपारनंतर उन्हे उतरल्यावर करावी.

खारवट जमिनीविषयी माती-पाण्याचा सल्ला हवा असल्यास दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्र या विषयावर काम करते. खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भातजाती तेथूनच आल्या. भात जे सोसते ते मिरचीचे रोप सोसत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

थोडक्यात महत्त्वाचे

१) पेरणीपूर्वी पाण्याची तपासणी करावी. मार्चनंतर दर पंधरवड्याला पुन्हा करावी.
२) सप्टेंबरमध्ये पावसाचे पाणी दोन पिंपे भरून, झाकून ठेवावे.
३) खऱ्या पानांची पहिली जोडी उघडेपर्यंत खत देऊ नये.
४) खताची सुरुवात प्रति लिटर अर्धा ग्रॅमने करावी, मोजूनच द्यावे.
५) पाणी सकाळी, एकदा आणि माध्यम पाहून द्यावे.
६) रोप मलूल दिसल्यास आधी मुळे पाहावीत, मग उपाय करावा.

रोपवाटिकेत रोपे मरतात ती बहुतेक वेळा दुर्लक्षाने मरत नाहीत, तर जास्त मायेने मरतात. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, पिवळे दिसले की खत, ही माया आवरून हातातील झारी क्षणभर खाली ठेवण्याची सवय लावून घेतली, तर ऑक्टोबरअखेर लावणीला सशक्त रोपे हाती येतील आणि विहीर मचूळ होण्याआधी मिरचीचे बहुतेक तोडे पदरात पडतील.